गोल्फ, स्त्रियांचा व्यावसायिक दौरा

गोल्फ, स्त्रियांचा व्यावसायिक दौरा : ठिकठिकाणी ओळीने भरणाऱ्या गोल्फ-स्पर्धांत बक्षिसाच्या रकमेसाठी खेळत वर्षाचा बराचसा काळ प्रवासात घालविण्याचा स्त्री-खेळाडूंचा व्यवसाय. त्याची मूळ घडण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४४ ते १९७५ या काळात झाली. गोल्फला १८ खळग्यांचे विस्तीर्ण क्रीडांगण लागते. एखाद्या शहरात स्पर्धायोग्य क्रीडांगणे मोजकीच असतात आणि स्पर्धा तीन-चार दिवसांत आटोपते. साहजिकच केवळ खेळावर उपजीविका करू पाहणाऱ्या खेळाडूस दर आठवड्याला गाव बदलणे भाग पडते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील नाटकमंडळ्या ज्याप्रमाणे सामानसुमानासह गावोगाव मुक्काम करीत, त्याच प्रकारचे हे बिऱ्हाड होते. तथापि नाटकमंडळीला मालक असे. या खेळाडूंना तो नव्हता. त्या स्वतःच स्पर्धक, स्वतःच व्यवस्थापक आणि प्रसंगी स्वतःच पंच असत. या दुहेरी भूमिकेमुळेच दौरा प्रतिकूल परिस्थितीत तग धरू शकला आणि पुढे तिच्यामुळेच तो न्यायालयाच्या दारी गेला.

दौऱ्यापूर्वीचा काळ हौशी गोल्फचा होता. सुस्थित घराण्यांतील स्त्रियांनी मंडळाच्या क्रीडांगणावर खेळावे, चषक जिंकावेत, मात्र पैसा घेऊ नये, असा संकेत रूढ होता. १९३१ ची राष्ट्रीय हौशी विजेती हेलन हिक्स हिने १९३४ मध्ये विल्सन या क्रीडासाहित्य-उत्पादक कंपनीची नोकरी पतकरून तो मोडला. तिचे काम प्रामुख्याने प्रात्यक्षिके दाखविण्याचे होते; कारण व्यावसायिक स्त्रियांना खेळता येतील अशा स्पर्धा १९३० मध्ये सुरू झालेली ‘वेस्टर्न ओपन’ व १९३७ पासूनची ‘टायटलहोल्डर्स’ अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मिनीॲपोलिसची पॅटी बर्ग (१९१८–२००६) १९४० मध्ये याच मार्गाने व्यवसायात आली. डिसेंबर १९४१ मध्ये प्रात्यक्षिकासाठी जात असताना मोटार-अपघातात तिचा गुडघा मोडला. दौऱ्यातील प्रवासाचा धोका दौरा जन्मास येण्यापूर्वीच असा प्रत्ययास आला होता. बरी झाल्यावर युद्धकाळात तिने नौसैनिक दलात (मरीन कोअर) सेवा केली.

होप सेग्नियस, बेटी हिक्स व एलेन ग्रिफिन यांनी १९४४ मध्ये विमेन्स प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन ही पहिली संघटना स्थापन केली. १९४६ मध्ये स्पोकॅन (वॉशिंग्टन राज्य) येथे तिने स्त्रियांची पहिली अमेरिकन खुली स्पर्धा भरविली. बक्षिसांचे १९,७०० डॉलर स्थानिक ‘ॲथलेटिक राउंड टेबल’ या मंडळाने दिले. मंडळाचे उत्पन्न नाण्यांवर चालणाऱ्या जुगारयंत्रांचे होते आणि बक्षीस युद्धरोख्यांच्या रूपाने मिळाले. स्त्रियांच्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेचा आरंभ असा जुगाराच्या पैशावर झाला, हे नमूद करण्याजोगे आहे. विजेती बर्ग होती. मात्र अशी रक्कम पुन्हा सहजी उभी राहिली नाही आणि संघटना दशकाच्या अखेरीस निष्प्रभ झाली.

तिची जागा घेणारी लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन १९५० मध्ये विचिटॉ (कॅनझस) येथे त्या वर्षीच्या खुल्या स्पर्धेच्या सुमारास आकारास आली. संस्थापक खेळाडू तेरा : पॅटी बर्ग, बेब झहारायस, लुईझ सग्झ, बेटी जेमसन, हेलन हिक्स, हेलन डेटवायलर, ओपल हिल, मॅरिलिन स्मिथ, शर्ली स्पॉर्क, सॅली सेशन्स, बेटी डॅनॉफ आणि ॲलिस व मार्लीन बाउअर या भगिनी. त्यांपैकी मार्लीन सोळा वर्षांची, तर हिल अठ्ठावन्न वर्षांची होती. डॅनॉफ तीन मुलींची आई होती. बर्ग पहिली अध्यक्ष झाली. फ्रेड कॉर्कोरन हा अनुभवी स्पर्धा-संयोजक नेमला गेला, परंतु त्याचे वेतन विल्सन कंपनी देई. पहिल्या वर्षी १४ स्पर्धा झाल्या व एकूण बक्षिसे सु. ५०,००० डॉलरची होती, म्हणजे एका स्पर्धेस सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास. ही रक्कम सर्व बक्षीसपात्र खेळाडूंत विभागली जाई.

दौऱ्याचे वर्ष ऋतुमानाप्रमाणे फिरे. हिवाळ्यात फ्लॉरिडा, वसंताच्या तोंडी जॉर्जिया, पुढे टेक्सस व आग्नेयेकडील राज्ये आणि उन्हाळ्यात उत्तर व मध्य-पश्चिम भाग असा सर्वसाधारण क्रम असे. प्रवास स्वतःच्या मोटारीने होई. विमानप्रवास परवडत नसे आणि काठ्यांची अवजड पिशवी, चेंडू, बूट, सर्व हवामानांचे कपडे व संध्याकाळच्या समारंभांचे पोशाख असा सगळा संसार गाडीतच ठेवावा लागे. द्रुतमार्गांचे राष्ट्रीय जाळे उभारण्याचा कायदाच मुळी १९५६ मध्ये झाला. तोपर्यंतचे रस्ते बहुधा दुपदरी आणि गावागावांतून जाणारे होते. रविवारी सायंकाळी बक्षिसांचे धनादेश वाटले की गाड्यांचा तांडा निघे. वाटेत ताटातूट होऊ नये म्हणून पुढील गाडीतील खेळाडू खिडकीबाहेर फळी धरून जेवण, इंधन किंवा विश्रांतीसाठी थांबण्याची खूण करीत. खोलीचे भाडे वाटून घेण्यासाठी दोघी-तिघी एकत्र राहत. काही ठिकाणी यजमान मंडळाच्या सभासदांच्या घरी उतरण्याची सोय होई. ती स्वस्त पडे खरी. परंतु दिवसभर खेळून थकलेल्या पाहुणीला रात्री यजमानांच्या स्नेह्यांशी हसतमुखाने बोलावे लागे.

मुक्कामी पोहोचल्यावर खेळ हे दुसरे काम असे. क्रीडांगण पाहून प्रत्येक खळग्यासाठी पहिल्या फटक्याची जागा ठरविणे, हिरवळीवर खळग्यांचे स्थान निश्चित करणे, जोड्या लावणे, नियमांसंबंधीच्या तक्रारी ऐकणे, हिशेब लिहिणे, धनादेशांवर सह्या करणे, वार्ताहरांना निकाल कळविणे ही सर्व कामे खेळाडूंच्या समित्या करीत. बर्गनंतर झहारायस, सग्झ, स्मिथ, रॉल्स, राइट यांसारख्या त्या त्या काळातील आघाडीच्या खेळाडूच अध्यक्षपदी आल्या. आपण स्वतः ज्या खळग्यावर खेळणार त्याची जागा आपणच ठरवायची, हा प्रकार अन्य कोणत्याही व्यावसायिक खेळात क्वचितच आढळेल. तो चालला, याचे श्रेय गोल्फच्या परंपरेला द्यावे लागेल. या खेळात प्रत्येक फटक्यावर पंच उभा नसतो. खेळाडू एकमेकींची गुणपत्रिका लिहितात आणि चूक झाल्यास स्वतःच दंड सांगतात.

या विश्वासाची किंमत किती असू शकते, हे १९५७ च्या खुल्या स्पर्धेत न्यूयॉर्कजवळील विंग्ड फूट मंडळाच्या क्रीडांगणावर दिसून आले. हवाईची जॅकी पंग २९८ फटक्यांत पहिली आली होती. परंतु अखेरच्या फेरीत चौथ्या खळग्यावर तिने घेतलेल्या सहा फटक्यांऐवजी गुणपत्रिकेत पाच नोंदले गेले होते. एकूण बेरीज बरोबर असूनही, चुकीच्या पत्रिकेवर सही केल्याने ती बाद झाली. पत्रिका लिहिणारी सहस्पर्धक बेटी जेमसन हीदेखील तशाच चुकीमुळे बाद ठरली. विजेतेपद २९९ फटके घेणाऱ्या बेट्सी रॉल्सकडे गेले. यजमान मंडळाच्या सभासदांनी तेथल्या तेथे पंगसाठी वर्गणी गोळा केली आणि ती पहिल्या बक्षिसाहून अधिक भरली. पहिले बक्षीस १,८०० डॉलरचे होते. त्याच वर्षी पुरुषांच्या खुल्या स्पर्धेच्या विजेत्यास ७,२०० डॉलर मिळाले होते.

अर्थकारण पाहता बक्षिसांवर पोट भरणाऱ्या खेळाडू फार थोड्या होत्या. १९५० मध्ये सर्वाधिक कमाई झहारायसची, १४,८०० डॉलर होती. १९५६ मध्ये मार्लीन बाउअर-हॅगे हिने प्रथमच वीस हजारांचा टप्पा ओलांडला. आठव्या-दहाव्या क्रमांकाच्या खाली प्रवासखर्चही सुटत नसे. दौऱ्याचा खरा आधार क्रीडासाहित्याच्या कंपन्या हा होता. विल्सनने बर्गला, मॅग्रेगरने सग्झला, स्पॉल्डिंगने स्मिथला वेतनावर ठेवले. त्यांच्या नावाच्या काठ्या बाजारात आणल्या आणि मोबदल्यात गावोगाव प्रात्यक्षिके करवून घेतली. स्त्रियांच्या तयार कपड्यांचा कारखानदार ॲल्व्हिन हँडमाकर याने १९५० ते १९५३ या काळात ‘वेदरव्हेन’ ही मालिका भरविली. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार शहरांतील फेऱ्यांची बेरीज करून विजेतीस ५,००० डॉलरचे वेगळे पारितोषिक दिले जाई. ज्यांना कंपनीचे वेतन नव्हते त्यांची स्थिती कॅथी व्हिटवर्थ (१९३९–२०२२) हिच्या उदाहरणावरून कळते. न्यू मेक्सिकोतील जॅल या छोट्या गावातील व्यापारी व तिचे वडील यांनी मिळून वर्षाला ५,००० डॉलरप्रमाणे तीन वर्षांची तजवीज केली, म्हणून ती दौऱ्यावर निघू शकली. १९५९ या पहिल्या पूर्ण वर्षात तिला १,३०० डॉलरही मिळाले नाहीत. पहिला विजय १९६२ मध्ये लाभला. पुढे तिने ८८ स्पर्धा जिंकल्या. गावाने तीन वर्षे धीर धरला नसता, तर या नोंदीत तिचे नाव येण्याचे कारण नव्हते.

प्रेक्षक मिळविणे हेही खेळाडूंचेच काम होते. स्मिथ व स्पॉर्क मुष्टियुद्धाच्या सामन्यांत मध्यंतरी रिंगणात चढून लोकांना स्पर्धेचे आमंत्रण देत. बेसबॉलच्या मैदानावर चेंडू टोलवून दाखवीत. वृत्तपत्रे पोशाख व केशरचना यांवर रकाने भरून लिहीत आणि फटक्यांविषयी कमी. बेब झहारायस (१९११–५६) हिला मात्र जाहिरातीची गरज नव्हती. १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये तिने अडथळ्यांची शर्यत व भालाफेक यांत सुवर्णपदके मिळविली होती. तिचे नाव असल्यास तिकिटे खपत. ती गर्दीशी थट्टामस्करी करी, चमत्कृतीचे फटके मारी आणि इतर खेळाडूंपेक्षा आपणास अधिक महत्त्व मिळावे अशी तिची अपेक्षा असे. सग्झसारख्या अबोल व शिस्तप्रिय प्रतिस्पर्धिनीस हे रुचत नसे. १९५३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर झहारायसची शस्त्रक्रिया झाली. पोटावर कृत्रिम मलमार्ग केलेल्या अवस्थेत ती पुन्हा दौऱ्यावर आली व १९५४ ची खुली स्पर्धा तिने बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. कर्करोगाचे नाव उघडपणे घेतले जात नव्हते अशा काळात तिने आजार लपविला नाही. क्रीडाविजयापेक्षाही तिची ही कामगिरी मोठी मानावी लागेल. तिच्या निधनाबरोबर दौऱ्याचे तिकीटबारीवरील सर्वांत मोठे आकर्षण गेले. तरीही १९५९ पर्यंत स्पर्धांची संख्या २६ वर पोहोचली होती.

रस्त्यावरील जीवन सर्वांना सारखे नव्हते. पुरुषांच्या संघटनेच्या घटनेत १९६१ पर्यंत केवळ गौरवर्णीयांना सभासदत्व देणारे कलम होते. स्त्रियांच्या संघटनेत तसे कलम नव्हते. पण क्रीडांगणे खाजगी मंडळांची होती आणि हॉटेले त्या त्या राज्याची. विंबल्डनची दोन वेळची (१९५७ व १९५८) टेनिस-विजेती अल्थीया गिब्सन (१९२७–२००३) पुढे गोल्फकडे वळली आणि १९६४ मध्ये दौऱ्यावरील पहिली कृष्णवर्णी खेळाडू ठरली. काही मंडळांनी तिला खेळू दिले, पण मंडळगृहात प्रवेश नाकारला. बूट व कपडे बदलण्यास तिला स्वतःची मोटारच वापरावी लागे. संघटनेचा संचालक लेनी वर्ट्‌झ याने, खेळतील तर सर्व सभासद, अशी भूमिका घेतली. गिब्सनच्या मागोमाग १९६७ मध्ये ओहायओची रेनी पॉवेल आली. ती वडिलांनी स्वतः तयार केलेल्या क्रीडांगणावर शिकली होती. तिला हॉटेलात आरक्षित खोली नाकारली जाण्याचे आणि जिवे मारण्याच्या धमकीची पत्रे येण्याचे प्रसंग आले. इतर खेळाडूंना प्रवासाचा शीण होई. या दोघींना रात्री कोठे उतरता येईल, याचीही खात्री नसे.

स्वयंशासनाचा भार सर्वांत अधिक कोणावर पडला असेल, तर तो मिकी राइट (१९३५–२०२०) हिच्यावर. तिच्या फटक्याची घडण अनेक जाणकारांच्या मते स्त्री-पुरुष सर्वांत निर्दोष होती. १९६३ या एका वर्षात तिने १३ स्पर्धा जिंकल्या आणि त्याच सुमारास ती संघटनेची अध्यक्षही होती. राइट येणार नसेल तर स्पर्धाच रद्द करू, असे पुरस्कर्ते सांगू लागल्याने तिला विश्रांती घेणे अवघड झाले. तिच्या गैरहजेरीचा अर्थ सहकाऱ्यांचे एक आठवड्याचे उत्पन्न बुडणे असा होई. स्वभावतः एकांतप्रिय असलेली, विमानप्रवासाची धास्ती असलेली आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त झालेली राइट १९६९ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, नियमित दौऱ्यातून बाहेर पडली. तिच्या नावावर ८२ विजय आहेत. आणखी किती झाले असते, हा प्रश्न गोल्फच्या इतिहासकारांना अद्याप पडतो. पण ज्या व्यवस्थेने तिला थकविले, त्या व्यवस्थेचा तो प्रश्न आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही.

१९७२ हे वर्ष संक्रमणाचे ठरले. कोलगेट कंपनीने गायिका डायना शोर हिच्या नावाने कॅलिफोर्नियातील रँचो मिराज येथे १,१०,००० डॉलर बक्षिसांची, दूरचित्रवाणीवर दाखविली जाणारी स्पर्धा सुरू केली. पहिले बक्षीस २०,००० डॉलर होते. त्या वर्षीच्या खुल्या स्पर्धेच्या विजेतीस ६,००० मिळाले. कोलगेटची ती पहिली स्पर्धा जेन ब्लॅलॉक हिने जिंकली. पुढच्याच महिन्यात लुइव्हिल येथील स्पर्धेत, हिरवळीवर चेंडू उचलून पुन्हा ठेवताना तिने तो मूळ जागेवरून सरकविला, असा आरोप तिच्यावर आला. संघटनेच्या कार्यकारी मंडळाने तिला प्रथम दंड केला आणि काही दिवसांतच तो वाढवून एक वर्षासाठी निलंबित केले. हे मंडळ पाच खेळाडूंचे होते. ब्लॅलॉक खेळली नाही तर तिला मिळू शकणारे बक्षीस त्यांना वा त्यांच्या सोबतिणींना मिळणार होते. ब्लॅलॉकने आरोप नाकारला व मक्तेदारी-प्रतिबंधक कायद्याखाली दावा लावला. १९७३ मध्ये अटलांटा येथील संघीय न्यायालयाने, प्रतिस्पर्ध्यांनीच प्रतिस्पर्ध्यास बाजारातून वगळण्याची ही कृती बेकायदा ठरविली. चेंडू सरकविला गेला होता किंवा नाही, या मुद्यावर निकाल अवलंबून नव्हता. दौऱ्यावर मात्र दीर्घकाळ दोन तट राहिले. कालपर्यंत एका खोलीत राहणाऱ्या खेळाडू न्यायालयात समोरासमोर आल्या.

या खटल्याने संघटनेची आर्थिक ओढाताण झाली आणि खेळाडूंनीच खेळाडूंवर राज्य करण्याचा काळ संपला. १९७५ मध्ये रे व्होल्पे हा पहिला आयुक्त नेमला गेला आणि नियामक मंडळात खेळाडू नसलेल्या व्यक्ती आल्या. त्याच वर्षी बेट्सी रॉल्स खेळातून निवृत्त होऊन स्पर्धा-संचालक झाली; जे काम तिने पूर्वी विनावेतन, फेरी आटोपल्यावर केले होते, तेच आता तिची नोकरी बनले. १९७६ मध्ये जूडी रँकिन हिने एका वर्षात एक लाख डॉलरचा टप्पा प्रथम ओलांडला. १९७८ मध्ये नॅन्सी लोपेझ हिने पदार्पणाच्या पहिल्याच पूर्ण वर्षी नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी पाच ओळीने. १९८१ मध्ये व्हिटवर्थची एकूण कमाई दहा लाखांवर गेली.

मोटारींच्या तांड्याची जागा विमानाने घेतल्यावर सोबतीचे ते जीवन ओसरले. शिक्षक, शरीरोपचारक, हस्तक असा प्रत्येकीचा स्वतंत्र परिवार झाला. जुना प्रश्न राहिला तो मुलांचा. १९९३ मध्ये स्मकर्स या खाद्यपदार्थ कंपनीच्या साहाय्याने फिरते बालसंगोपन केंद्र सुरू झाले. तेच शिक्षक, तीच खेळणी दर आठवड्यास पुढील गावी नेली जातात, जेणेकरून मुलांना खोली नवी वाटली तरी माणसे ओळखीची असावीत. दोन मुलींना बरोबर घेऊन फिरणाऱ्या जूली इंकस्टर हिने १९९९ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, खुली स्पर्धा जिंकली.

दौऱ्याचे क्षेत्रही विस्तारले. जपानमध्ये १९६७ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक संघटना निघाली. ब्रिटनमध्ये १९७९ पासून नियमित स्पर्धा भरू लागल्या. भारतीयांपैकी कोलकात्याची स्मृती मेहरा अमेरिकन दौऱ्यावर खेळण्याचा अधिकार मिळविणारी पहिली खेळाडू होय. बंगलोरच्या अदिती अशोक हिने २०१६ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकली, २०१७ पासून ती अमेरिकन दौऱ्यावर खेळू लागली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये चौथी आली. तेथे तिची काठ्यांची पिशवी तिच्या आईने वाहिली. तेरा संस्थापकांचा समावेश संघटनेच्या सन्मान्यांत मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यांपैकी शेवटची हयात असलेली मार्लीन बाउअर-हॅगे २०२३ मध्ये निवर्तली. त्याच वर्षी दौऱ्याची एकूण बक्षिसे दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली होती.

जुन्या पद्धतीचा प्रवास पाहावयाचा असल्यास मुख्य दौऱ्याखालील दुय्यम दौऱ्याकडे वळावे लागते. १९८१ मध्ये फ्लॉरिडात ‘फ्यूचर्स’ नावाने सुरू झालेला हा दौरा २०२२ पासून एप्सन या कंपनीच्या नावाने भरतो. वर्षअखेर क्रमवारीत वर असणाऱ्या थोड्या खेळाडूंना मुख्य दौऱ्यावर प्रवेश मिळतो. उरलेल्या बहुतेकींचे वर्ष अद्यापही मोटारीत जाते. दोघी मिळून इंधनाचा खर्च वाटून घेतात, यजमान कुटुंबाच्या घरी उतरतात आणि पिशवी स्वतः ओढतात.